पाहुणा हात

गुरुवारी सकाळी वाटर्लोच्या रस्त्यावरील तंबाखूच्या दुकानात मी काडेपेटी घ्यावयास गेलो असता दुकानदारीण माडाम ओदील हिने आमच्या चित्रकथांच्या साप्ताहिकाचा त्या आठवड्याचा ताजा अंक माझ्यापुढे उघडा धरला आणि चौथ्या पानावर बोट आपटून ती म्हणाली, "बघा मस्यू ओमेर, म्हातारा परत आला की नाही! मी आमच्या ह्यांना म्हटलंच होतं, हात कुठं जातोय? हे तोंड दुसऱ्या कुणाच्या बापाला जमायचं नाही." तिच्या बोटाखाली झेलीचा चेहरा होता. झेली म्हणजे कालव्याच्या दारांची राखण करणाऱ्याची ती मुलगी, जिची साहसे वाचत अर्धा देश लहानाचा मोठा झाला. दोन ठिपक्यांचे डोळे, स्वल्पविरामाएवढे नाक आणि एका बाजूला किंचित वर गेलेली ओठांची रेषा, एवढीच तिची मुद्रा. चित्रकार आन्सेल्म वांडोरेन यांनी ती निर्माण केली, आणि त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणी ती काढल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु तो चेहरा वांडोरेन यांचा नव्हता. तो मी काढला होता, आणि ही गोष्ट मी व संपादक पियेरार यांखेरीज कोणीही जाणत नव्हते. मी "हो ना" असे म्हणालो. माणसाच्या कामाची त्याच्या तोंडावर स्तुती व्हावी आणि त्याला कानशिलात बसल्यासारखे व्हावे, हा अनुभव मला पूर्वी कधी आला नव्हता. काडेपेटी तशीच दुकानात राहिली आणि मी अंक छातीशी धरून रस्त्यावर आलो.

ट्रामच्या थांब्यावर उभा राहून मी ते पान पुन्हा उघडले आणि तिच्याकडे पाहू लागलो. बोगद्यातून बाहेर पडलेली झेली हातात कंदील घेऊन नौकेच्या टोकाशी उभी होती. नौका माझी, पाणी माझे, पाण्यातील कंदिलाचे लांबट बिंबही माझेच. आणि तेवढे माझे असण्यात काही गैर नव्हते, कारण मी पाहुणा चित्रकार होतो आणि पाहुण्याला तेवढी मुभा असते. शरद ऋतूत पियेरारने मला बोलावून घेतले तेव्हा तो मेजावर पाय टाकून बसला होता. "ओमेर, वांडोरेन आजारी पडलाय. गोष्ट मधेच लोंबकळतेय. झेली बोगद्यात अडकलीय, तिला कुणीतरी बाहेर काढायला नको?" मी म्हणालो, "मी?" "तूच. तुला स्वतःची अशी काही शैली नाही ना. आता लगेच तोंड पाडू नकोस, मी चांगल्या अर्थानं म्हणतोय." त्याचे म्हणणे असत्य नव्हते. माझी स्वतःची चित्रमालिका म्हणजे एक माळी आणि त्याची गोगलगाय. अर्ध्या पानाची, आणि साबणाची जाहिरात आली की ते अर्धे पानही जात असे. ला लुव्हिएर येथे चौदाव्या वर्षी शाळा सुटल्यावर मी पाट्या रंगविणाऱ्याच्या हाताखाली अक्षरे गिरविली होती, आणि अक्षरे गिरविणाऱ्याचा हात हा मुळातच दुसऱ्याच्या वळणाने जाणारा असतो. पाटीवर खाटकाचे नाव खाटकाला आवडेल तसे दिसले पाहिजे. तेथे रंगाऱ्याच्या स्वभावाला वाव नसतो.

वांडोरेन यांच्या कार्यशाळेची एक जुनी रीत होती. मदतीला कोणीही येवो, देह, कपडे, पूल, झाडे, आभाळ सारे त्याने काढावे. मात्र चेहरे मालकांनीच काढावेत. सारेजण त्यांना मालक म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यामुळे माझ्या मोठ्या कागदावर झेली आणि तिचा बाप आणि नौकेवरील दोघे भाऊ मानेपर्यंत सर्वांगाने पूर्ण होत आणि मानेच्या वर नुसता लंबवर्तुळाकार कोरा कागद राही. माझ्या खोलीत असे पान फळीवर टाचून मी जेवावयास बसलो की ती बिनचेहऱ्याची माणसे माझ्याकडे पाहत नाहीत यामुळेच मला अस्वस्थ वाटे. मालकांना मोठ्या कागदावर वाकणे जमत नव्हते, म्हणून ते आरामखुर्चीत बसून, मांडीवर पाट घेऊन, लहान तुकड्यांवर चेहरे काढीत; त्यांची पत्नी माडाम लेओन्तीन ते कात्रीने कातरून पाकिटात घालून पाठवी आणि मी ते रबरी गोंदाने माझ्या कोऱ्या वर्तुळांवर चिकटवी. आमच्या धंद्यात अशा तुकड्याला ठिगळ म्हणतात. पहिल्या ठिगळांत काही वावगे नव्हते. ओठाची रेषा जरा जाड होती, एवढेच. मग डोळ्यांचे ठिपके लांबू लागले. मग नाकाला दात आले, म्हणजे त्या लहानशा रेषेवर करवतीसारखे दाते उमटू लागले, आणि एके दिवशी पाकिटातून जी झेली बाहेर पडली तिच्याकडे पाहून मी खिडकी उघडली, जणू खोलीत धूर झाला होता.

पियेरारने ती ठिगळे उजेडात धरली. "हे छापलं तर लोक विचारतील, पोरीला ताप आलाय का हो? तू काढ." मी म्हणालो, चेहरे मालकांचे असतात. "अरे बाबा, मालकांचेच राहतील. तू फक्त काढ. आणि तिकडे बोलायचं नाही, कळलं? माणूस मरेल." मी घरी येऊन कागदावर तिची तोंडे काढीत बसलो. दोन ठिपके आणि तीन रेषा, आणि त्यांत जगातील सारी अडचण भरलेली. ठिपका एका केसाएवढा खाली गेला की ती भित्री दिसे, वर गेला की उद्धट. माझ्या गोगलगाईचे डोळे मी झोपेतही काढीत असे, पण हिचा चेहरा सारखा दुसऱ्याच कोणाचा तरी होई: माझ्या मामेबहिणीचा, कधी शेजारच्या पाववालीचा, आणि एकदा तर माझाच. शेवटी केव्हातरी ती आली. ती आली हे माझ्या हाताला आधी समजले आणि डोळ्यांना नंतर. मी मालकांचे ठिगळ खरवडून काढले नाही. ते जसे होते तसेच राहू देऊन त्यावर मी माझे चिकटविले. त्यामुळे त्या पानावर झेलीला दोन चेहरे होते, आणि बोट फिरविले तर त्या जागी कागदाची जाडी लागे. पुढचे काही महिने मी गोष्टीची उरलेली सारी पाने अशीच पुरी केली, आणि त्यांतील पहिले आता या गुरुवारी अंकात आले होते. माझे वडील खाणीतून निवृत्त झाल्यावर सूप पिताना त्यांचा चमचा ओठापर्यंत पोहोचण्याआधीच निम्मा रिकामा होई, आणि त्या क्षणी आमची आई नेहमी उठून चुलीकडे पाहण्यास जाई. चुलीवर काहीच नसे. लहानपणी मला वाटे, आईला चुलीची फार काळजी आहे.

त्याच गुरुवारी दुपारी टेलिफोन वाजला. "पोरा, पाहिलंस?" मालकांचा आवाज इतका तरुण झाला होता की मी क्षणभर ओळखला नाही. "पान चौथं. पाहिलंस की नाही? रविवारी जेवायला ये. लेओन्तीन ससा करणार आहे. नाही म्हणायचं नाही." मी "येतो" म्हणालो. खरे सांगणे त्या वेळीच शक्य होते असे आज वाटते. पण टेलिफोनवरून कोणाला त्याचा हात संपला असे कसे सांगावे? तारेतून फक्त आवाज जातो, माणूस खुर्चीवर बसला आहे की उभा आहे हेही दिसत नाही.

रविवारी त्यांच्या इक्सेल भागातील घरी बिअरमध्ये शिजविलेला ससा आणि आलुबुखार होता. मालकांनी गळपट्टी बांधली होती. थाळीत वाढले जाण्याआधीच त्यांनी अंक उघडून मेजावर ठेवला आणि मला विचारले, "सांग, काय दिसतंय?" मी म्हणालो, झेली. "मूर्खा, रेष बघ! रेष कशी सरळ गेलीय बघ. आता तुला गंमत सांगतो. मी काढली तेव्हा ही रेष अशी नव्हती. नव्हती! लेओन्तीनला विचार. कापत होती, मी आंधळा आहे का? मला वाटलं, संपलं आपलं. पण आकसताना सगळं निघून गेलं!" आणि ते इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यांची चूक कशी झाली हे मला तत्क्षणी उमगले, आणि ती आमच्यातील कोणाचीही झाली असती. आम्ही मूळ चित्र मोठे काढतो. छापताना ते लहान होते, आणि लहान होताना रेषेतील बारीक खाचखळगे मिटून जातात. टाक अडखळला, शाई फुटली, श्वास लागला, सारे छपाई पोटात घालते. याच आधारावर आम्ही सारे जगतो. धंद्यात नवा आलेला माणूस आपले चित्र पाहून रडू लागला की जुना माणूस त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, रडू नको, आकसू दे. मालकांनी ते वाक्य आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितले होते. आता त्यांनी ते स्वतःला सांगितले होते, आणि ते त्यांना पटले होते.

"थोडं मोठं काढायचं, बस," ते म्हणाले. "दुप्पट. म्हणजे जास्त आकसेल. पुढची गोष्ट मी सगळी स्वतःच काढणार, पोरा. तुझी आता सुटका. तुझ्या त्या गोगलगाईकडे जा, ती बिचारी हळूहळू कुठवर पोचली असेल!" मी हसलो. मी हसलो हे मला स्वतःला विचित्र वाटले, आणि ते काम जाण्याच्या भयाने नव्हे. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा दुप्पट मोठा कागद दिसत होता आणि त्यावर दुप्पट मोठा कंप. रिकाम्या थाळ्या घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा माडाम लेओन्तीन माझ्याकडे पाठ करून कॉफी गाळीत होत्या. ती ठिगळे त्यांनीच कातरली होती. कात्रीच्या पात्यावर प्रत्येक दाता त्यांनी पाहिला होता. त्या मागे न वळता म्हणाल्या, "मस्यू ओमेर, छपाईत खरंच असं होतं का हो?" मी म्हणालो, "होतं कधीकधी." "कधीकधी," त्या म्हणाल्या. मग कप मांडता मांडता, "त्यांनी काल मला नाच म्हटलं. या वयात! रेडिओ लावून." त्यांनी कपांत साखर घातली, माझ्या कपात दोनदा घातली, आणि मी तो गोड काढा सगळा प्यालो. कॉफी संपता संपता मालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पोर्त द नामुरजवळचा पुस्तकवाला गेले वर्षभर त्यांना विनवीत होता आणि ते नाही म्हणत होते. आता त्यांनी होकार कळविला होता. पुढच्या शनिवारी दुपारी ते दुकानात बसून याच गोष्टीच्या नुकत्याच छापलेल्या पुस्तकावर वाचकांसाठी सह्या करणार होते.

मी म्हणालो, "मालक, नुसती सही केली तरी पुरे." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी त्यांना बिनमिठाचे जेवण सुचविले होते. "सही? लोक तासभर रांगेत उभे राहतात ते काय सहीसाठी? सही बँकेत करतात. त्यांना पहिल्या पानावर झेली हवी असते, त्यांच्या समोर काढलेली, ओली." हेही खरेच होते. आमच्याकडे पुस्तक विकत घेणारा माणूस पहिले पान कोरे ठेवून आणतो, आणि त्यावर चित्रकाराने त्याच्या डोळ्यांदेखत नायकाचे तोंड काढून देणे हा त्याचा हक्क असतो. आणि ते तोंड जसे काढले तसेच राहते. ते कोठे आकसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पियेरारकडे गेलो. तो म्हणाला, "मग मी काय करू? त्या दुकानदारानं काचेवर हा एवढा फलक लावलाय." मी म्हणालो, त्यांना सांगावे लागेल. "सांग की." मी म्हणालो, तुम्ही सांगा, तुम्ही संपादक आहात. तो खिडकीपाशी गेला आणि बाहेर पाहत म्हणाला, "ओमेर, मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा मला गोवर आला होता. डोळे बांधले होते. माझी बहीण मला झेली वाचून दाखवायची, आता ती हसतेय, आता ती रागावलीय असं सांगायची. तू सांग त्यांना. मी नाही सांगणार." नंतर तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तू शेजारी बस. पाहुणा म्हणून तुझंही नाव आहे पुस्तकात, बारीक अक्षरात. काय व्हायचं ते होईल." तो आठवडा मी रोज इक्सेलकडे जावयास निघत असे. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलोही. आतून रेडिओचा आवाज येत होता. मी घंटीवर बोट ठेवले, ते दाबले नाही, आणि बोट तेथून काढून घेताना मला असे वाटले की ते बोट माझे नसून कोणीतरी माझ्या हातावर चिकटविलेले आहे.

शनिवारी दुकानात ओल्या गरम कोटांचा वास भरला होता आणि रांग दाराबाहेर गेली होती. मालकांनी स्वतःचा टाक आणि शाई आणली होती. पहिला आला तो एक जाडसर दंतवैद्य, तो म्हणाला, "मस्यू वांडोरेन, माझ्या दवाखान्यात रोगी हिच्यासाठी येतात. दात ते घरी ठेवून आले तरी चालेल!" सारे हसले. मालकांनी टाक बुडविला आणि कागदावर टेकविला. मी समोरच्या कपाटातील पुस्तकांची नावे वाचू लागलो, आणि वाचता वाचता मला माझी आई चुलीकडे का जाई ते समजले, आणि समजूनही मी नावे वाचतच राहिलो. टाकाचा आवाज मात्र कानांना टाळता येत नव्हता. चांगली रेष काढताना टाक रेशमी कापड फाडल्यासारखा आवाज करतो, हा उंदराने कुरतडल्यासारखा होता. मग टाक थांबला. दंतवैद्य म्हणाला, "वा. फारच... जिवंत आहे." त्याने पुस्तक मिटले नाही, शाई वाळावी म्हणून उघडेच धरून तो गेला, आणि रांगेतील प्रत्येकाने ते जाताना पाहिले. मालक म्हणाले, "कागद गुळगुळीत आहे. टोक घसरतं." त्यांनी टाकाचे टोक बदलले. दुसरी एक म्हातारी बाई होती. तिने चित्राकडे पाहिले, मग मालकांच्या हाताकडे, आणि ती म्हणाली, "बाहेर काय गारठा आहे नाही?" "हो, गारठा आहे," मालक म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. माडाम लेओन्तीन दुकानाच्या टोकाला उभ्या राहून एक नकाशा उलगडून पाहत होत्या.

तिसरा वाचक एक मास्तर असावा, बाहीवर खडूची भुकटी होती. त्याने पुस्तक मेजावर ठेवले, मालकांपुढे ठेवले, आणि मग दोन बोटांनी ते हळूच माझ्याकडे सरकविले. "यात तुमचंही नाव आहे ना? तुम्ही काढा मस्यू. यांना जरा विसावा." तो चांगल्या मनाचा माणूस होता, याबद्दल मला आजही शंका नाही. मी मालकांकडे पाहिले. ते म्हणाले, "काढ, काढ. चेहरा मी काढायचा असतो, पण आज पाहुण्याचा मान." टाक त्यांनीच माझ्या हातात दिला. मी ठरविले की वाईट काढावयाचे. माझ्या हातून ती वाईट निघाली, त्यांच्याहूनही वाईट निघाली, तर कागद गुळगुळीत ठरेल, टोक घसरणारे ठरेल आणि गारठा खरा ठरेल. एवढे एकच मला त्या दुपारी करता येण्यासारखे होते. मी मनगट सैल सोडले, टाक चुकीच्या कोनात धरला, श्वासही रोखला नाही. एक ठिपका पडला. दुसरा पडला, केसभरही न चुकता, नेमका जेथे तो पडावयास हवा होता. मी हाताला हिसका देऊ पाहिला. परंतु महिनोन् महिने ज्या वाटेने त्याला नेले होते त्या वाटेने तो हात खाटकाच्या पाटीवरील अक्षरासारखा आपोआप गेला, नाक आले, ओठाची रेषा आली आणि शेवटी किंचित वर गेली, रेशमी आवाज करीत. पानावर झेली होती. ती अंकातीलच झेली होती, चौथ्या पानावरची, जशीच्या तशी. मास्तर म्हणाला, "अगदी तीच!"

मालक बराच वेळ तिच्याकडे पाहत होते. त्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढून घेतले, डोळ्यांजवळ नेले, आणि छापलेल्या पानांपैकी एक उघडून ते आणि हे असे दोन्ही आळीपाळीने पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी त्याला तोंड दिले असते. ते फक्त फार सावकाश, एखादे गणित तपासावे तसे पाहत होते. मग अगदी हळू, मला एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारले, "बोगद्यापासून?" मी मान हलविली. "आणि माझी?" "खाली आहेत," मी म्हणालो. "तुमच्यावरच लावली. काढली नाहीत." ते म्हणाले, "अच्छा." त्यांनी माझ्या हातातील टाक घेऊन चित्राखाली आपले नाव लिहिले आणि ते पुस्तक मास्तरला दिले. "घ्या मस्यू. सांभाळा, ओलं आहे."

नंतर त्यांनी पुढच्या बाईचे पुस्तक घेतले, पहिले पान उघडले आणि टाकासह माझ्यापुढे ठेवले. पुस्तक नवे होते, पान पुन्हा पुन्हा मिटत होते. म्हणून त्यांनी त्यावर आपला तळहात दाबून धरला, आणि रांगेकडे पाहत म्हणाले, "चल पोरा, लोक उभे आहेत." मी टाक टेकविला. त्यांच्या हाताचा कंप कागदातून वर येत होता आणि टाकाच्या टोकाला लागत होता. मी तो थांबण्याची वाट पाहिली. बाईने आपले नाव सांगितले, ते मला ऐकू आले नाही, तिने पुन्हा सांगितले. त्यांनी हात आणखी घट्ट दाबला, आणि कंप वाढला.